पहिला अंगठा

भवानी पेठेत शाळेचे गणवेश शिवणारा एक कारखाना आहे. तिथं रोज सकाळी हजेरीच्या मशीनवर पहिला अंगठा पडायचा तो शिवयोगी कलशेट्टीचा. मशीन यायच्या आधी वही होती, तिच्यातही पहिली सही त्याचीच. सव्वीस वर्षांत त्याच्या आधी कारखान्यात कुणी शिरलं असेल तर ते मांजर, आणि तेही मागच्या खिडकीतून. बाकीचे नऊला यायचे, हा साडेआठलाच शटरपाशी उभा. कपाळावर विभूती, गळ्यात मापाची टेप, कानावर खडू. आत आल्या आल्या कापणीच्या लांबलचक टेबलावरून एकदा हात फिरवायचा, घरच्या गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा, आणि मगच चपला काढायचा.

त्याला सगळे मास्टर म्हणत. उगीच नाही म्हणत. कापडावर शर्टाचा पुढा कुठं बसवायचा, पाठ कुठं, बाही कुठं, ही सगळी आखणी तो खडूनं करायचा. आखणी अशी पाहिजे की चिंधी कमीत कमी पडावी. या धंद्यातली सगळी अक्कल तेवढ्यात आहे. खाली कापडाचे शंभर थर, वर आखणी, आणि मशीनचं पातं फिरलं की शंभर थरांतून तुकडे एकदम सुटतात. एक रेघ चुकली तर शंभर ठिकाणी चुकली. म्हणून थोरले मालक चनमल्लप्पा अण्णा चारचौघांत म्हणायचे, “कारखान्याचा मालक मी. टेबलाचा मालक शिवयोगी.” हे वाक्य शिवयोगीनं इतक्यांदा घरी सांगितलं होतं की त्याची बायको शिवलीला ते त्याच्या आधी पूर्ण करायची.

पुढं अण्णांचे गुडघे गेले, ते घरी बसले आणि मुलगा विरेश गादीवर आला. विरेशच्या मागोमाग ऋतुजा आली. आली म्हणजे, आली नाहीच. सगळं दुखणं तिथंच होतं.

ऋतुजा वैरागची. वडील शेतकरी, पोरगी पुण्याला जाऊन कॉम्प्युटरवर कपड्यांची आखणी करायचं शिकून आलेली. विरेशनं तिला कामावर घेतलं ते फोनवरच, आणि ती काम करायची ते वैरागला घरी बसून. आठ महिन्यांत कारखान्याचा उंबरा तिनं एकदाही ओलांडला नव्हता. ती आखणी पाठवायची, इकडं एक मोठं मशीन ती आखणी लांब कागदावर काढून द्यायचं, आणि तो कागद कापडाच्या थरावर पसरून शिवयोगीनं त्याबरहुकूम पातं फिरवायचं. खडू कानावरचा कानावरच राहायला लागला.

आधी सगळ्यांना गंमत वाटली. मग एका शनिवारी विरेशनं चिंध्यांची पोती सगळ्यांसमोर ओळीनं मांडली. मास्टरच्या आखणीत पाच पोती भरायची, तेवढ्याच कामात ऋतुजाच्या आखणीत तीन. विरेशनं टाळ्या वाजवल्या, पाठोपाठ शिलाईच्या बायकांनी वाजवल्या. शिवयोगीनंही दोन वाजवल्या. तिसरी काही वाजेना.

त्या दिवसापासून तो जळायला लागला. त्याला गोड नाव द्यायचं कारण नाही. शिस्तीची काळजी, कारखान्याचं भलं, असं तो स्वतःला पुष्कळ सांगायचा, पण रात्रीच्या भाकरीचा घास घशात अडकायचा तो शिस्तीमुळं नव्हे. आपण उन्हातान्हातनं चालत यायचं, उभ्यानं पाय सुजवायचे, आणि ही पोरगी घरात पंख्याखाली चहा पीत आयत्या बिळावर नागोबा! बरं, ती कामाला बसते तरी कधी? कोण बघतंय? तिचा अंगठा कुठल्या मशीनवर पडतो?

मग त्यानं एक उद्योग चालू केला. फोनवर तिच्या नावाखाली ‘ऑनलाइन’ कधी दिसतं ते तो बघायचा आणि टेबलामागच्या कॅलेंडरच्या उलट्या बाजूला पेन्सिलीनं लिहायचा. दहा ते साडेबारा, दिसली नाही. दोन ते चार, दिसली नाही. बघता बघता कॅलेंडरचे तीन महिने पाठीमागनं भरून गेले. एवढा वेळ त्यानं कॉम्प्युटर शिकण्यात घातला असता तर एव्हाना आखणी यायला लागली असती, पण जळणाऱ्या माणसाला असली गणितं सुचत नाहीत.

आणखी एक काटा होता. ऋतुजा त्याला ‘मामा’ म्हणायची. ‘मामा, कापडाचा पन्हा किती भरला?’ ‘मामा, कागद नीट आला का?’ सगळा कारखाना मास्टर म्हणतो, दारातला रिक्षावाला मास्टर म्हणतो, आणि हिचा मी मामा कुठनं झालो? हिनं मला बघितलं तरी आहे का?

“अहो, लाडानं म्हनत असंल,” शिवलीला म्हणाली. “तिकडं वडीलधाऱ्याला मामाच म्हनत्यात की.”

“लाड न्हाय त्यो. मास्टर म्हनायचं न्हाय तिला. मास्टर म्हनलं की आपुन खाली येतो.”

“साकु, साकु,” शिवलीलानं कानडीत हात जोडले. पुरे म्हणायचं झालं की ती कानडीवर यायची. “त्या पोरीच्या नावानं किती जेवताय? भाकरीबी खावा थोडी.”

एप्रिलमध्ये एक मोठी ऑर्डर आली. चौकडीचे शर्ट, एका मोठ्या शाळेचे, जूनच्या आत पाहिजेत. विरेशनं मास्टरला केबिनमध्ये बोलावलं आणि सरळच सांगितलं.

“मास्टर, ही ऑर्डर ऋतुजा आखणार. नीट पार पडली तर इथून पुढची सगळी आखणी तिच्याकडं. तुम्ही कापणी बघायची. तुमच्या पगाराला धक्का नाही.”

“आन खडू?”

“खडूचं काम आता कुठं राहिलंय मास्टर?”

शिवयोगी टेबलापाशी येऊन उभा राहिला. आखणी गेली म्हणजे काय उरलं? पातं फिरवायचं. पातं कुणीही फिरवतं. मग मास्टर कशाला म्हणतील कुणी? सव्वीस वर्षांत त्यानं कमावलेलं एवढं एकच नाव होतं, आणि ते एक न दिसणारी पोरगी घेऊन चालली होती.

नेमका त्याच आठवड्यात शिवलीलाच्या चुलतबहिणीकडं वैरागला साखरपुडा निघाला. एरवी असल्या कार्याला शिवलीला एकटी जायची आणि हा ‘कामाचा खाडा व्हतो’ म्हणून मागं राहायचा. या खेपेला मात्र यानं आपण होऊन रजा टाकली. शिवलीला चाट पडली. बार्शीच्या एसटीत तिनं दोनदा त्याच्या कपाळाला हात लावून बघितला.

वैरागला उतरल्यावर तो साखरपुड्याच्या घरी चहापुरता टेकला आणि पाय मोकळे करतो म्हणून निघाला. बाजारात फार हिंडावं लागलं नाही. फोनवरच्या फोटोतला चेहरा त्याला पाठ होता, कारण तो दिवसातून वीसदा बघत होता. रसवंतीच्या बाकड्यावर ऋतुजा बसली होती. हातात उसाच्या रसाचा ग्लास, पायाशी कोथिंबीर-मेथीची पिशवी, शेजारी एक मैत्रीण, आणि दोघी काहीतरी बोलून खदाखदा हसत होत्या. शिवयोगीनं घड्याळ बघितलं. अकरा वाजून वीस मिनिटं. कामाची वेळ!

त्याला आनंदाचं भरतं आलं. त्यानं रसवंतीच्या चरकाच्या चाकाआड उभं राहून फोटो काढला. एक हलला म्हणून दुसरा काढला. तिसऱ्यात बाजारातल्या दुकानावरचं घड्याळसुद्धा आलं. पोरीनं एकदा मान वर करून त्याच्याकडं बघितलंही, पण तिला काय माहीत हा कोण? उलट म्हातारा माणूस उन्हात उभा आहे म्हणून ती बाकड्यावर सरकून बसली आणि जागा करून दिली. शिवयोगी मान वळवून चालायला लागला. साखरपुड्याचं जेवण त्यानं इतक्या चवीनं केलं की वाढणाऱ्या बायकांनी शिवलीलाचं कौतुक केलं.

दुसऱ्या दिवशी साडेआठला पहिला अंगठा, आणि विरेश आल्या आल्या केबिन.

“मालक, बगा. काल अकरा वाजून वीस मिन्टं. घड्याळबी दिसतंय. रस पितीया.”

विरेशनं फोटो बघितला. मोठा करून बघितला. मग म्हणाला, “कालच्या पॅन्टींची आखणी आली का?”

“आली.”

“किती वाजता?”

“...पाटं पाचला.”

“बरोबर होती?”

शिवयोगीनं टेबलाकडं बघितलं. तिथं त्या आखणीचे तुकडे काल त्याच्या माघारी कापून गठ्ठे बांधून ठेवलेले होते. “व्हती,” तो म्हणाला.

“मग?” विरेशनं फोन परत दिला. “ती पहाटे उठून करती, मग बाजारात जाती, दुपारी परत बसती. मला माहीत आहे. मास्टर, मी शर्ट विकतो, तास विकत नाही. गिऱ्हाईक मला विचारत नाही की शर्ट किती वाजता आखला.” आणि तो उठता उठता म्हणाला, “दुसऱ्याच्या लेकीबाळीचे असे फोटो काढू नका. बरं दिसत नाही.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. शिवयोगीचे कान तापले. आपल्या सव्वीस वर्षांच्या साडेआठांची या पोरानं एका वाक्यात चिंधी केली. ज्या टेबलावर हा लहानपणी दुपारी झोपायचा, ज्याच्या अंगावर आपण कापडाचा तुकडा पांघरायचो, तो आज आपल्याला बरं काय आणि वाईट काय ते शिकवतोय! आणि कुणासाठी? तिच्यासाठी.

दोन दिवसांनी चौकडीचं कापड आलं. पांढऱ्या जमिनीवर मरून चौकडी. शिवयोगीनं तागा सोडला, कापडावरून अंगठा फिरवला आणि थांबला. मरून पट्ट्याच्या एका अंगाला, अगदी बारीक, लिंबाच्या रंगाची एक रेघ होती. दुसऱ्या अंगाला नव्हती. रंग इतका फिका की पांढऱ्यात बुडून जावा, पण धागा जरा जाड असल्यानं अंगठ्याला लागत होता. म्हणजे ही चौकडी एकतोंडी. अशा कापडाला वर-खाली असतं; सगळे तुकडे एकाच दिशेनं ठेवावे लागतात. पाठ सुलटी आणि पुढा उलटा ठेवला, तर शर्टाच्या कडेला शिलाईत एका बाजूची लिंबू रेघ पट्ट्याच्या वर येते, दुसऱ्या बाजूची खाली. तुकडे उलटसुलट ठेवले की चिंधी खूप वाचते, म्हणून साध्या कापडात सगळे तसेच ठेवतात. एकतोंडी कापडात ते चालत नाही.

तेवढ्यात फोन वाजला. ऋतुजाचा मेसेज. ‘मामा, चौकडीचा फोटो मिळाला. मला दोन्हीकडून सारखी दिसतीय. पण फोटोचं खरं नाही. तुम्ही हात लावून सांगा ना, एकतोंडी आहे का? तुम्ही सांगाल तसं आखते.’

शिवयोगीनं तो मेसेज दोनदा वाचला. अंगठा अजून त्या रेघेवरच होता. बाहेर शिलाई मशीनांचा खडखडाट चालला होता. त्यानं अंगठा उचलला आणि त्याच अंगठ्यानं लिहिलं, ‘दोन्हीकडून सारखी.’

लगेच उत्तर आलं. ‘थँक्यू मामा. तुम्ही आहात म्हणून बरं.’

रात्री तो नीट झोपला, हे सांगायला पाहिजे. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं त्याला वाटलं. दुसऱ्या दिवशी आखणी आली. कागद पसरला तेव्हा त्याच्यातल्या मास्टरनं मनातल्या मनात मान डोलावली. इतकी घट्ट आखणी त्यानं आयुष्यात बघितली नव्हती. पुढ्याच्या खांद्यात बाही अशी शिरलेली, पाठीच्या गळ्यात कॉलर अशी बसलेली, की बोटाएवढी जागा वाया नाही. ते बघून तर तो आणखीनच पेटला. शंभर थर, एका थरात बारा शर्ट. बाराशे शर्ट. त्यानं पातं चालू केलं.

सव्वीस वर्षांत त्यानं जाणूनबुजून एक तुकडा नासवला नव्हता. तरी आज रेघेला रेघ धरून पातं गेलं, नेहमीसारखंच, सफाईनं.

तीन दिवसांनी दानम्माची हाक आली. दानम्मा शिवून झालेले शर्ट इस्त्री करून तपासायची. जिभेला हाड नाही, पण नजर घारीची.

“मास्टर, हे बगा की. ह्या शर्टाचं ह्या बाजूला रेघ वर हाय, आन त्या बाजूला खाली. ह्येबी तसंच. आन ह्येबी. आवो, सगळंच की हो!”

बायका उठल्या, घोळका झाला. विरेश धावत आला, शर्ट उजेडात धरला आणि खाली बसला. तीस शर्ट शिवून झाले होते, बाकीचे अकराशे सत्तर गठ्ठ्यांत कापून पडले होते, आणि तुकडे काही परत तागा होत नाहीत.

विरेशनं तिथंच फोन लावला, व्हिडिओवर, टेबलावर टेकवून ठेवला. ऋतुजाचा चेहरा कारखान्यानं पहिल्यांदा बघितला. केस विंचरायचे राहिले होते, मागं भिंतीवर धान्याची उतरंड दिसत होती. विरेशनं शर्ट दाखवला. तिनं डोळे बारीक केले, मग तिचा चेहरा पडला.

“एकतोंडी होती,” ती हळू म्हणाली.

“तुला कळायला नको? फोटो पाठवला होता ना?” विरेशचा आवाज चढला. मग तो शिवयोगीकडं वळला. “आणि मास्टर, तुम्ही? तुमच्या हाताखालनं कापड गेलं. तुम्हालाही कळलं नाही?”

सगळे त्याच्याकडं बघत होते. फोनमधूनसुद्धा.

“मला कोन इचारलं?” शिवयोगी म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला दुसऱ्याचा वाटला. “कागद पसरा म्हनलं, पसरला. पातं फिरवा म्हनलं, फिरवलं. मला आता इचारतंय कोन?”

फोनमधली ऋतुजा त्याच्याकडं बघत राहिली. आता बोलेल, शिवयोगीला वाटलं. आता सांगेल. मेसेज तिच्या हातात आहे, त्याच फोनमध्ये, बोट लावायचा अवकाश.

“चूक माझी आहे सर,” ऋतुजा म्हणाली. “कापड न बघता आखलं. मी यायला पाहिजे होतं.”

बस्स. एवढंच. विरेशनं फोन बंद केला. थोडा वेळ डोकं धरून बसला आणि म्हणाला, “मास्टर, चुकलंच माझं. इथून पुढची आखणी तुमच्याकडं. परत खडू घ्या हातात.”

दानम्मा म्हणाली, “बगा, म्हातारं तेच खरं.” बायका हसल्या. शिवयोगीनं कानावरचा खडू काढून हातात धरला. आठ महिने ज्यासाठी जीव जाळला ते पदरात पडलं होतं. त्याला आनंद झाला का? झाला की. पाच मिनिटं झाला. कॅलेंडर उलटवून त्यानं त्यावरची पेन्सिलीची पानं फाडून टाकली. मग त्याला तो मेसेज आठवला.

कोपऱ्यात जाऊन त्यानं फोन काढला. आपलं ‘दोन्हीकडून सारखी’ पुसून टाकावं म्हणून दाबून धरलं. वेळ उलटून गेली होती. आता ते फक्त त्याच्या फोनातून पुसलं जाणार होतं, तिच्या फोनात राहणारच होतं. तो तसाच बघत उभा असताना खाली ‘टायपिंग’ दिसायला लागलं. मग मेसेज आला.

‘मामा, टेन्शन घेऊ नका. तुमचा मेसेज मी सरांना दाखवला नाही, दाखवणार पण नाही. एवढ्या बायकांपुढं तुम्हाला बोलता आलं नसंल, मला कळतं. रेघ लई बारीक होती, नजर चुकती माणसाची. सव्वीस वर्षांच्या कामाला एवढ्यासाठी डाग कशाला? माझं काय, मला दुसरं काम मिळंल.’

शिवयोगी उकिडवा खाली बसला. पोरीला अजून खरं वाटत होतं की त्याची नजर चुकली. तिच्या मनात दुसरं काही आलंच नव्हतं. यानं हातात काही नसताना चाकाआड उभं राहून तिचा फोटो काढला होता आणि मालकाला नेऊन दाखवला होता. तिच्या हातात सगळं असताना तिनं बोट लावलं नाही. बाकड्यावर सरकून तिनं केलेली ती जागा त्याला आता आठवली. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की विभूती पुसून टाकावीशी वाटली.

तो उठला आणि केबिनमध्ये गेला. विरेश गिरणीवाल्याशी फोनवर नवीन कापडासाठी गयावया करत होता. शिवयोगीनं आपला फोन त्याच्यापुढं ठेवला. विरेशनं बोलणं तोडलं, वाचलं. वरचा मेसेज, मधलं उत्तर, खालचा मेसेज. परत पहिल्यापासून वाचलं.

“तुम्हाला विचारलं होतं तिनं,” तो म्हणाला.

“व्हय.”

विरेशनं फोन टेबलावर ठेवला. मग त्याचा आवाज मऊ झाला. “बरोबर लिहिलंय तिनं. नजर चुकली असंल मास्टर. वय झालं, चष्म्याचा नंबर वाढला असंल. तसंच ना?”

दार उघडून दिलं होतं पोरानं. नुसती मान हलवायची होती. शिवयोगीची मान हलायला निघालीसुद्धा.

“न्हाय मालक,” तो म्हणाला. “नजर न्हाय चुकली. अंगठ्याला कळलं हुतं. म्या मुद्दाम लिवलं.”

“आणि कापताना?”

“कापतानाबी ठाव हुतं.”

विरेशनं चेहऱ्यावरून हात फिरवला. “का?”

“जळत हुतो. दुसरं काय न्हाय.”

“अण्णांना काय सांगू मी?” विरेश म्हणाला. शिवयोगीनं आपला फोन उचलला. विरेश खिडकीकडं तोंड करून उभा राहिला. “तुमचं काय करायचं ते मी नंतर बघतो. आधी तिला सांगा. मला जे सांगितलं ते सगळं.”

शिवयोगी टेबलापाशी आला. पाच वाजत आले होते. त्यानं फोन लावला.

“बोला मामा,” ऋतुजा म्हणाली. “मेसेज बघितला का? खरंच टेन्शन घेऊ नका तुमी.”

त्यानं सांगितलं. काही गाळलं नाही. कॅलेंडरवर लिहिलेल्या वेळा, रसवंतीपाशी काढलेला फोटो, अंगठ्याखालची रेघ, सगळं. सांगताना वाक्यं मागंपुढं झाली, पण सगळं सांगितलं. पलीकडं कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी गॅस बारीक केला.

“काय तर बोल की पोरी. शिव्या दे.”

“शिव्या देऊन काय हुनार?” ती म्हणाली. आवाज जाड झाला होता. तिनं एकदा नाक ओढलं. “अकराशे सत्तर शर्ट हाइत. जूनला पोरांनी घालायचं काय?” थोडं थांबून म्हणाली, “माझ्या फायलीत कुठला तुकडा उलटा पडलाय त्ये दिसतंय. उलट्या पुढ्याला उलटीच पाठ लावली, मापाला माप धरून, तर रेघ जुळंल. सगळी न्हाय जमणार, पण निम्म्याच्या वर वाचतील. मी नंबर सांगते, पन गठ्ठं हाताळून जोड्या लावायला तितं माणूस पायजे. रेघ वर का खाली, त्ये फोटोत कळत न्हाय. हातालाच कळंल.”

“मी लावतो.”

“खरं सांगाल ना, कुठली रेघ कुटं हाय त्ये?”

हा प्रश्न त्याला सव्वीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. “सांगतो,” तो म्हणाला.

तिकडं कीबोर्डची टकटक सुरू झाली. शिवयोगीनं फोन टेबलावर टेकवला, गठ्ठ्यांच्या दोऱ्या सोडल्या आणि पहिल्या तुकड्यावर अंगठा ठेवला.

“घ्या मास्टर,” ऋतुजा म्हणाली. “नंबर सात. पाठ.”

शिवयोगीचा हात थबकला. आठ महिने हा शब्द तिच्या तोंडून यावा म्हणून तो जळत होता. आता आला. ‘मामा म्हण की’ असं तिला सांगावं, इतकं त्याच्या ओठाशी आलं, पण कुठल्या तोंडानं सांगणार? त्यानं सात नंबरचा गठ्ठा पुढं ओढला, अंगठ्यानं रेघ चाचपली आणि खरं होतं ते सांगितलं.

“उलटी हाय.”